रत्नागिरीच्या थेट दक्षिणेस

शाळेंतल्या पृथ्वीच्या गोलावर रत्नागिरी शोधून तेथें बोट ठेवावें आणि तें रेखांशाच्या रेषेवरून सरळ दक्षिणेकडे सरकवीत न्यावें. कोंकणचा किनारा डाव्या हातास मागें पडतो. लक्षद्वीप व मालदीव यांच्या प्रवाळबेटांमधून बोट पुढें जातें. विषुववृत्त ओलांडल्यावर चागोसचीं बेटें उजव्या बाजूस राहतात. तेथून पुढें मात्र सुमारें तीन हजार मैल बोटाखालीं निळ्या रंगाखेरीज कांहींच येत नाहीं. शेवटीं, गोलाच्या तळाशीं असलेला पांढरा अंटार्क्टिक खंड जवळ येऊं लागला असतां, एक बारीकसा ठिपका आढळतो. पुष्कळ गोलांवर तो छापलेलाहि नसतो. रत्नागिरीचे रेखांश ७३ अंश १८ कला पूर्व; या ठिपक्याचे ७३ अंश ३० कला पूर्व. अक्षांश मात्र ५३ दक्षिण. या ठिपक्याचें नांव हर्ड बेट.

श्रोतेहो, ज्या सागराच्या लाटा रत्नागिरीच्या मांडवीवर येऊन फुटतात, त्याच हिंदी महासागराच्या दुसऱ्या टोकाचें हें बेट आहे. दोहोंमध्यें सुमारें ४,८०० मैलांचें अंतर. पण वाटेंत आडवी अशी मोठी भूमि एकहि नाहीं. नात्यानें पाहिलें तर हें आपलें शेजारी म्हणावयास हरकत नाहीं, आणि शेजाऱ्याची विचारपूस करणें हा तर आपल्याकडचा जुनाच रिवाज आहे.

हर्ड बेटाचें क्षेत्रफळ अवघें १४२ चौरस मैलांच्या आसपास आहे. पण एवढ्याशा जागेंत निसर्गानें एक प्रचंड ज्वालामुखी उभा केला आहे. खलाशांनीं त्याला ‘बिग बेन’ असें नांव दिलें. त्याच्या माथ्यावरील मॉसन शिखराची उंची सुमारें ९,००० फूट आहे. आपल्या महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची ५,४०० फूट. कळसूबाईवर राजमाचीसारखा एखादा किल्ला ठेवला तरी बिग बेनचा माथा त्याच्याहि वरच राहील. आणि हा पर्वत पठारावरून नव्हे, तर थेट समुद्राच्या पाण्यांतून उठलेला आहे. त्याच्या अंगावर हिमनद्यांचें जाड पांघरूण असून त्यांतील कित्येक नद्या खालीं समुद्राच्या कडेपर्यंत उतरतात. वर बर्फ आणि पोटांत अग्नि, असा हा विलक्षण योग आहे. हा अग्नि विझलेलाहि नाहीं. इ. स. २०१६ च्या जानेवारींत तेथून जाणाऱ्या एका संशोधक जहाजावरील मंडळींना शिखरावरून वाहणारा तप्त लाव्हा प्रत्यक्ष दिसला. एरव्हीं शिखर दिसणें हेंच दुर्लभ. कारण तें बहुतेक सर्वकाळ ढगांत बुडालेलें असतें.

असें बेट भर समुद्रांत निर्माण कसें झालें? भूगर्भशास्त्रज्ञांचें मत असें आहे कीं, पृथ्वीच्या कवचाखालीं कांहीं ठिकाणीं उष्णतेचे मोठे स्रोत आहेत. कवच त्यांच्यावरून हळूहळू सरकत असतें आणि खालच्या भट्टींतून वेळोवेळीं शिलारस वर येत असतो. हर्ड बेट ज्या पाण्याखालच्या पठारावर उभें आहे, त्याला केर्गेलेनचें पठार म्हणतात. हें पठार ज्या भट्टीनें घडविलें, तिच्याच शिलारसानें सुमारें पावणेबारा कोटि वर्षांपूर्वीं आपल्या झारखंडांतील राजमहालच्या टेकड्यांचा काळा दगड घडला, असें मानलें जातें. त्या काळीं हिंदुस्थानचा भूभाग दक्षिणेस होता. पुढें तो उत्तरेकडे सरकत गेला आणि भट्टी मागें राहिली. त्या प्रवासाची खूण म्हणून समुद्राच्या तळाशीं, नव्वद पूर्व रेखांशाच्या सुमारास, सुमारें तीन हजार मैल लांबीची एक डोंगररांग अद्यापि पडलेली आहे. सह्याद्रीचा पाषाण या भट्टींतला नव्हे; त्याची भट्टी निराळी, आणि ती आज रियुनियन बेटाखालीं आहे, असें शास्त्रज्ञ सांगतात. परंतु हिंदुस्थानच्या भूमीचा एक तुकडा आणि हें ओसाड बेट यांचें मूळ एकच, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

आतां तेथील हवा पाहूं. या अक्षांशांत पृथ्वीभोंवतीं वाऱ्याला अडविणारी भूमि जवळजवळ नाहींच. त्यामुळें पश्चिमेचा वारा वर्षाचे बारा महिने मोकाट वाहतो. समुद्रकांठचें उष्णमान गोठणबिंदूच्या थोडेंसें वर असतें. हिम, पाऊस आणि धुकें यांचा फेरा चालूच असतो. अशा ठिकाणीं झाड एकहि उगवत नाहीं. गवत, शेवाळ, उशीसारखी गोल वाढणारी अझोरेला नांवाची वनस्पति आणि असेच डझनभर प्रकार एवढीच तेथील वनश्री. त्यांत कोबीच्या जातीची एक वनस्पति आहे. केर्गेलेन बेटावर जाणाऱ्या खलाशांना ती रक्तपितीवर, म्हणजे ताज्या भाजीपाल्याअभावीं हिरड्या सुजून माणूस खंगत जातो त्या रोगावर, मोठें औषध ठरली. म्हणूनच तिचें शास्त्रीय नांवहि त्या रोगाच्या निवारणावरून ठेवलेलें आहे. या कोबीच्या फुलांना परागासाठीं कीटकांची वाट पाहावी लागत नाहीं. तें काम वाराच करतो. कारण तेथें उडणारे कीटक जवळजवळ नाहींतच. तेथल्या माशा आणि पतंग यांना पंख नाहींत, किंवा असले तरी ते निरुपयोगी आहेत. जो कीटक उडतो, त्याला वारा समुद्रांत नेऊन टाकतो. जो पायांनीं चालतो तो टिकतो. बेटांवरील कीटकांविषयीं डार्विननें केलेलें हें अनुमान येथें सहज पटतें.

जमीन जरी दरिद्री असली तरी भोंवतालचा समुद्र मात्र संपन्न आहे. त्यामुळें पिलें वाढविण्यासाठीं जमिनीची गरज असणारे सर्व सागरी जीव या बेटाच्या कांठावर दाटी करतात. पेंग्विनांच्या लक्षावधि जोड्या, लांब पंखांचे आल्बट्रॉस, बिळांत राहणारे लहान समुद्रपक्षी, या बेटाखेरीज अन्यत्र कोठेंहि नसलेला एक पाणकावळा, आणि सोंडेसारख्या नाकाचे अजस्र हत्ती-सील. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. जमिनीवर चार पायांचा शत्रु असतो, हें त्यांना ठाऊकच नाहीं. हजारों पिढ्यांत तसा शत्रु त्यांनीं पाहिलेला नाहीं. पक्षी उघड्या जमिनीवर अंडें घालतो आणि कोणी जवळ आलें तरी उठत नाहीं. या एका गोष्टीवर पुढचा सर्व इतिहास अवलंबून आहे.

इ. स. १८५१ सालीं ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतांत सोनें सांपडलें आणि अमेरिका व यूरोप येथील जहाजें मेलबोर्नकडे धांवूं लागलीं. वाट जवळची पडावी आणि पश्चिमेचा वारा पाठीशीं घ्यावा म्हणून कप्तान अधिकाधिक दक्षिणेकडून जाऊं लागले. इ. स. १८५३ च्या नोव्हेंबरच्या २५ तारखेस बोस्टनहून मेलबोर्नकडे निघालेल्या ‘ओरिएंटल’ जहाजाचा कप्तान जॉन हर्ड यास क्षितिजावर कांहींतरी शुभ्र दिसलें. प्रथम त्यास तो मोठा हिमनग वाटला. त्याची पत्नी बरोबर होती; तिच्या रोजनिशींत हा प्रसंग नमूद आहे. मध्येंच हिमवृष्टि आली आणि सर्व दृश्य झांकलें गेलें. पुन्हां ऊन पडल्यावर जहाज जवळ जाऊं लागलें, तेव्हां कप्तानानें ती भूमि असल्याचें ठरविलें. नकाशांत तेथें कांहींच नव्हतें. सहा आठवड्यांच्या आंतच, इ. स. १८५४ च्या जानेवारीच्या ४ तारखेस, ‘समरंग’ जहाजाच्या कप्तान मॅकडोनल्डला जवळचीं चिमुकलीं बेटें दिसलीं. त्यांना त्याचें नांव मिळालें.

बातमी फुटण्यास वेळ लागला नाहीं. इ. स. १८५५ मध्यें ‘कोरिंथियन’ जहाजाचा कप्तान रॉजर्स याचे लोक बेटावर उतरले. ते भूगोलाच्या प्रेमानें आले नव्हते. हत्ती-सीलाच्या कातडीखालीं चरबीचा जाड थर असतो. तो कढविला म्हणजे दिव्यांना आणि यंत्रांना उत्तम तेल मिळे. प्रसूतीच्या व कात टाकण्याच्या दिवसांत हे प्राणी किनाऱ्यावर कळपांनीं पडून राहतात. जमिनीवर त्यांना पळतां येत नाहीं आणि पळावें असें त्यांना वाटतहि नाहीं. सोटे आणि भाले एवढ्या हत्यारांवर काम भागलें. जहाजांना तेथें सुरक्षित बंदर नाहीं. म्हणून टोळ्या उतरवून देऊन जहाजें निघून जात आणि कित्येक माणसें वर्ष-वर्ष, अधिकहि, तेथेंच राहत. दगडमातीच्या काळोख्या झोपड्या, चुलीवर चरबीची लोखंडी कढई, लांकडाऐवजीं जाळावयास चरबीचेच उरलेले तुकडे आणि बाहेर अखंड वारा, असें त्यांचें जिणें होतें. मालक दूर न्यू इंग्लंडच्या बंदरांत. मरणारा मजूर येथें. त्यांच्या कबरी बेटावर अद्यापि आहेत. बेटाची लूट सांगतांना या गरीब माणसांच्या हालांचा विसर पडूं नये.

सुमारें पंचवीस वर्षांत तेथून एक लाख पिंपांहून अधिक तेल निघालें. इ. स. १८८० च्या सुमारास हत्ती-सील जवळजवळ संपले आणि त्याबरोबर माणसांचा ओघहि आटला. बेटावर घेण्याजोगें कांहीं उरलें नाहीं, म्हणून तें सुटलें.

येथें थोडें थांबून याच सागरांतील दुसऱ्या दोन बेटांकडे पाहावें. म्हणजे हर्डचें भाग्य काय होतें तें ध्यानांत येईल. पहिलें बेट केर्गेलेन, हर्डच्या वायव्येस सुमारें २८० मैलांवर. इ. स. १७७२ च्या फेब्रुवारींत फ्रेंच नौदलाचा अधिकारी केर्गेलेन यानें तें पाहिलें. मायदेशीं परतून त्यानें या वैराण भूमीचें असें गोड वर्णन केलें कीं राजानें त्याला पुन्हां धाडलें. दुसऱ्या सफरीनंतर खरी स्थिति उघडकीस आली आणि त्याला कैद भोगावी लागली. इ. स. १७७६ च्या नाताळांत कप्तान कुक तेथें उतरला. त्यानें तिला वैराणपणावरूनच नांव द्यावें असें म्हटलें. या बेटावर इ. स. १८७४ सालीं सूर्यबिंबावरून होणारें शुक्राचें संक्रमण पाहण्यासाठीं विद्वान् मंडळी आली. त्यांपैकीं इंग्रज तुकडीनें पुढच्या वाटसरूंना अन्न मिळावें या हेतूनें तेथें ससे सोडले. हेतु चांगला होता. पण सशांनीं तो औषधी कोबी आणि इतर झाडपाला फस्त करून कित्येक ठिकाणीं जमीन उघडी पाडली. पुढें १९५० नंतर तळावरच्या लोकांनीं मांजरें आणलीं. तीं रानटी झालीं आणि पक्ष्यांवर तुटून पडलीं.

दुसरें बेट मॅरियन. हें आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून हजार मैलांहून अधिक दूर आहे. तेथें सील मारणाऱ्यांच्या जहाजांतून उंदीर आले. १९४९ सालीं हवामानाच्या ठाण्यांतील उंदीर मारण्यासाठीं पांच मांजरें आणलीं. पंचवीस-तीस वर्षांत त्यांचीं हजारों झालीं आणि दरवर्षीं सुमारें साडेचार लाख पक्षी तीं मारूं लागलीं. रोगजंतु, बंदुका आणि सांपळे यांच्या साह्यानें १९९१ सालीं शेवटचें मांजर नाहींसें झालें. पण उंदीर राहिलेच. हवा किंचित् ऊबदार झाली, उंदीर वाढले, आणि त्यांनीं एक नवीनच शिकार आरंभिली. रात्रीं ते आल्बट्रॉसच्या पिलांवर चढतात आणि जिवंतपणींच त्यांना कुरतडतात. अलीकडे तर पूर्ण वाढलेले पक्षीहि त्यांच्या तोंडीं पडले आहेत. वजनानें शेंकडों पट मोठा असलेला तो पक्षी प्रतिकार करीत नाहीं. बसल्या जागेवरून हलतहि नाहीं. जो शत्रु त्याच्या रक्तास ठाऊक नाहीं, त्याच्याशीं लढावें कसें हें त्याला कोण सांगणार? तेथील उंदरांचा समूळ नायनाट करण्याची मोठी योजना आतां आखण्यांत आली आहे.

हर्ड बेटावर मात्र ससा नाहीं, मांजर नाहीं, उंदीर नाहीं. माणसानें आणलेला एकहि सस्तन प्राणी तेथें रुजला नाहीं. या टापूंतील एवढ्या मोठ्या बेटांत अशीं बेटें फारच थोडीं. याचें श्रेय माणसाच्या शहाणपणाला देतां येईल काय? प्रामाणिकपणें पाहतां, नाहीं. किनारा अवघड होता, जहाजें दूर नांगरून राहत आणि तेल संपल्यावर फारसें कोणास तेथें जावेंसें वाटलें नाहीं. अंतर, वारा आणि लाटा हेच त्या बेटाचे राखणदार होते.

पुढें १९४७ च्या डिसेंबरांत ब्रिटननें आपला हक्क ऑस्ट्रेलियाकडे सोंपविला आणि तेथें शास्त्रज्ञांचा तळ पडला. हवामान, चुंबकत्व, हिमनद्या, पक्षी यांच्या नोंदी होऊं लागल्या. १९५२ सालीं तळावरील दोन तरुणांचा तेथेंच अंत झाला. मदत मागावी इतक्या जवळ कोणीहि नव्हतें. १९५५ सालीं तळ उठला. तेव्हांपासून तेथें कोणीहि कायम राहत नाहीं. परंतु त्या मंडळींनीं केलेल्या मोजदादी मोलाच्या ठरल्या. राजा-पेंग्विनांच्या वीण घालणाऱ्या जोड्या १९४७-४८ सालीं हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. शतकाच्या अखेरीस त्या हजारोंनीं मोजाव्या लागल्या. सीलहि परतले. जखम झालेल्या भूमीला केवळ स्वस्थ पडूं दिलें तर ती किती सावरते, याचें याहून चांगलें उदाहरण क्वचितच मिळेल.

नभोवाणीच्या श्रोत्यांना आवडेल अशीहि एक गोष्ट या बेटाच्या नांवाशीं जोडलेली आहे. १९९१ च्या जानेवारींत शास्त्रज्ञांनीं हर्डजवळच्या समुद्रांत यंत्रानें एक धीरगंभीर नाद सोडला. पाण्यांतून तासन् तास प्रवास करून तो अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही किनाऱ्यांकडे ऐकूं गेला. पाणी ऊबदार झालें कीं त्यांतून नाद अधिक वेगानें जातो. तेव्हां नादाचा वेळ मोजून महासागराचा ताप मोजतां येईल काय, हें पाहण्याचा तो प्रयोग होता. सर्व महासागरांकडे सरळ वाट असलेली जागा म्हणून हें एकाकी बेट निवडलें गेलें. जें स्थान आपल्याला जगापासून तुटलेलें वाटतें, तेथून समुद्रमार्गें सारें जग असें जोडलेलें आहे.

१९९७ सालीं हर्ड व मॅकडोनल्ड बेटांचा जागतिक वारशाच्या यादींत समावेश झाला. त्याच दशकांत मॅकडोनल्ड बेटाचा सहस्रावधि वर्षें निजलेला ज्वालामुखी जागा झाला आणि पाहतां पाहतां बेटाचें क्षेत्रफळ दुपटीहून अधिक झालें. २००२ सालीं भोंवतालचा विस्तीर्ण समुद्रहि राखीव करण्यांत आला.

असें असूनहि आज काळजीचीं कारणें आहेत. १९४७ सालीं बेटाचा सुमारें चार-पंचमांश भाग बर्फाखालीं होता. २०१९ पर्यंत त्या बर्फाच्या क्षेत्रापैकीं एक-पंचमांशाहून अधिक भाग वितळून गेला. बेटावर एकहि चूल नाहीं, एकहि गिरणी नाहीं. पण दूरच्या चुलींची आणि गिरण्यांची धग त्याला लागली आहे. बर्फ हटून जी जमीन मोकळी होते, तिच्यावर परके बीज रुजण्यास अवकाश मिळतो. दुसरें संकट रोगाचें. पक्ष्यांना होणारा बर्ड फ्लू २०२४ सालीं मॅरियन, क्रोझे व केर्गेलेन येथें पोंचला आणि २०२५ सालीं हर्डवरील मृत हत्ती-सीलांतहि त्याचे विषाणु आढळले. मैलोगणती समुद्र हा ज्यांचा तट होता, त्यांच्यावर आतां तट ओलांडणारे शत्रु चाल करून आले आहेत.

तेव्हां अंतरावर विसंबून राहण्याचे दिवस गेले. जें काम आजवर लाटांनीं केलें, तें आतां माणसास जाणीवपूर्वक करावें लागणार. तें करतां येतें, हेंहि सिद्ध झालेलें आहे. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेयेस असलेलें मॅक्वारी बेट ससे, घुशी व उंदीर यांनीं पोखरून टाकलें होतें. अनेक वर्षांचे श्रम आणि सुमारें अडीच कोटि ऑस्ट्रेलियन डॉलर खर्चून तें २०१४ सालीं त्यांपासून मुक्त झाल्याचें जाहीर झालें, आणि तेथील गवत व पक्षी पुन्हां वाढीस लागले. जहाजांतून उतरलेल्या थोड्याशा प्राण्यांची किंमत पुढच्या पिढ्यांनीं अशी मोजली.

म्हणूनच आज एखादी तुकडी हर्डवर जावयास निघाली, तर तिला प्रथम परवानगी घ्यावी लागते. मग जहाजांत उंदीर नाहीं याची खातरी करण्यांत येते. माणसांचे बूट घांसून धुतले जातात. सदऱ्यांचे खिसे उलटे करून, शिवणींत अडकलेलें गवताचें बीं चिमट्यानें काढलें जातें. इ. स. १८५५ सालीं त्याच किनाऱ्यावर उतरणाऱ्या माणसानें बेटावरून काय नेतां येईल एवढेंच पाहिलें होतें. आजचा माणूस आपल्याबरोबर तेथें काय जाणार नाहीं, हें आधीं पाहतो. पावणेदोनशें वर्षांत माणूस एवढें तरी शिकला, आणि हें शिक्षण स्वस्तांत मिळालेलें नाहीं.